खोल पाण्यातले किडे

डोणगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९६४

प्रिय मंजुळाताई,

नमस्कार. भाऊजी आणि मुलं खुशाल असतील. आईचा ताप उतरला, पण अशक्तपणा फार आहे. चुलीपाशी बसवत नाही. कापूस निम्मा वेचून झाला. कोचीनहून आमच्या सरांचं पत्र आलं : जहाजानं नवे नमुने आणलेत, लवकर या.

इथं एक गंमत झाली. समुद्रातले कवचाचे, पुष्कळ पायांचे जीव तपासते, असं मी बाबांना कळवलं होतं. त्यांनी त्याचे ‘किडे’ केले आणि गावभर सांगितलं. परवा दयारामकाका किडकी बोंडं घेऊन ओसरीवर हजर. “बी.एस्सी. बाई, दवाई सांगा.”

खोटं औषध कसं सांगणार? म्हटलं, काका, माझे किडे कपाशीवरचे नाहीत. खोल समुद्रातल्या झिंग्यांच्या जातीचे आहेत.

काका मोठ्यानं हसले. “घ्या! माळकऱ्याची पोरगी झिंगे चिवडून राह्यली!”

बाबा गळ्यातली माळ चाचपत बसले. काका गेल्यावर म्हणाले, “तू खात तं नाही ना?”

“नाही, बाबा.”

“मंग काऊन पाह्यतं?”

मी सांगितलं, तिथं ऊन पोचत नाही. हे जीव लालभडक असतात, पण त्या अंधारात लाल रंग काळाच दिसतो, म्हणून वाचतात. खाली ते कसे जगतात, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही.

“लाल असून दिसत नाही?” बाबांना नवल वाटलं. मग म्हणाले, “अन् वर आणल्यावर?”

“मरतात.”

त्या संध्याकाळी मी वाढलेलं ताट त्यांनी मागं सरकवलं. “ते काम सोड, मंग तुह्या हातची भाकर खातो.” रागावले नव्हते. तेव्हापासून दूध आणि शेंगदाण्यांवर आहेत. काम सोडणार नाही, हे मीही सांगितलं. “बरं,” म्हणाले, आणि माझ्या ट्रंकेची सैल कडी ठोकून दिली.

तर ताई, चार दिवस येऊन जा. तू आलीस की मी खामगावहून गाडी धरीन. ज्वारी निवडून, दळून ठेवली आहे. माझ्या हातच्या पिठाची भाकरी चालेल का, हे बाबांना आधी विचार. लपवून थापू नकोस.

तुझी,
अन्नपूर्णा