एकाहत्तर फरश्या

अमरावती,
११ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

घशाच्या ऑपरेशनने तुमचा आवाज गेला आणि आपल्या घरात फोनपेक्षा पोस्टमन मोठा झाला. तुमचं अक्षर मी इथे एम.एस्सी.च्या मैत्रिणींना मिरवून दाखवते.

पण एक गोष्ट तुम्ही पत्रात टाळता. डॉक्टरांनी सांगितलेले किरणांचे शेक कधी घ्यायचे? दवाखाना माझ्या खोलीजवळच आहे. रेणुकाकाकूने कळवलं की आईचे ओटे बांधल्याशिवाय लोणार सोडणार नाही, असं तुम्ही पाटीवर लिहून दाखवलंत. बाबा, आई तापाने गेली त्याला तीन महिने झाले. घशातला कॅन्सर थांबणार नाही.

तुमची वाट पाहणारी,
धम्मशीला

लोणार,
१९ फेब्रुवारी

चि. धम्मशीलाले,
आशीर्वाद अन् जयभीम.

तुह्या काकूले चुगलीचा लईच शौक हाय. विहारात बुद्धवंदना आता माह्या जागी शेजारचा प्रसेनजित म्हणते. सूर असा लावते की लेकरं तोंड दाबून हसतात. मले हसताही येत नाही.

ओट्यांचं सांगतो. तुही आई हाटेलच्या बांधकामावर होती. दर शनिवारी मिस्त्रीले विचारून उरलेली एक चौरस फरशी डोक्यावर आणे. दारासमोर दोन चौकोनी ओटे कराचे, चारी बाजू सारख्या, एक तिचा, एक माह्या. मी पाय पसरून बसतो, तिले जागा राहत नाही म्हणे. ओटे लहानमोठे झाले तं चालतील, पण चौकोन पुरा पाह्यजे. एकही फरशी फोडाची नाही, एकही उराची नाही. जायच्या आठवड्यात म्हणाली, पुऱ्या झाल्याच समजा.

फरश्या एकाहत्तर हायेत. रोज अंगणात मांडून पाहतो. कधी एक कमी पडते, कधी तीन उरतात. तिचा हिशेब कधी चुकला नाही, म्हणजे मीच चुकून राह्यलो. तू गणितवाली, सांग कशा मांडू. ओटे झाले की दुसऱ्याच दिवशी एसटीत बसतो.

तुह्या बाप,
पंजाबराव

अमरावती,
२६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

आता मांडू नका. ते होणारच नाही.

चारही बाजू सारख्या असलेला कोणताही चौकोन घ्या आणि त्यातल्या फरश्यांचे चार-चारचे गठ्ठे करा. बाजू सम असेल तर काही उरत नाही, विषम असेल तर एकच उरते. तीन बाय तीनच्या नऊ, उरली एक. पाच बाय पाचच्या पंचवीस, उरली एक. म्हणजे दोन चौकोन मिळून फार तर दोन उरतील. एकाहत्तरात तीन उरतात. सगळे चौकोन मांडून बघायची गरज नाही, नुसती बाकी बघितली की पुरे.

हे वर्गात शिकले तेव्हा वाटलं होतं, किती दयाळू शास्त्र आहे हे. जे होणार नाही त्याच्यामागे माणसाला झिजू देत नाही. तुमची काही चूक नाही, बाबा. आईचाही हिशेब एकदा चुकला असेल. आता निघा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
धम्मशीला

लोणार,
७ मार्च

चि. धम्मशीलाले,
जयभीम.

गठ्ठे केले. तीन उरल्या. पुन्हा केले. तुह्यं बरोबर हाय.

पण तुह्या आईचंही बरोबर होतं. भाकर तव्यावर असली तरी बाई म्हणते, झालीच समजा. तसं बोलली ती. मी ऐकलं, झाल्या. अजून एक असती तं बाहात्तर. सहा बाय सहाचे दोन, बरोबरीचे. ती गुरुवारी गेली. शनिवारी आणणार होती.

मले वाटे, तिचं काम पुरं झालं, माह्यंच अडून राह्यलं. मी मांडतो अन् ती बाजूले बसून हसते, असंच वाटे. तुह्यं पत्र आल्यापासून अंगणात एकटाच हाव. राग नाही. खरं सांगाले म्हणूनच तुले शिकवलं.

मिस्त्रीकडे तशी फरशी हाय. म्या नाही घेतली. ती काही तिनं आणलेली नाही. काल ओटे बसवले. तिचा पुरा केला. माह्याच्या कोपऱ्यात एका फरशीएवढी माती उघडी ठेवली. बसलो की टाच तिथंच टेकते.

एसटीत बसाचं कबूल केलं होतं, ओटे झाले की. ते झाले कुठं? शेक राहू दे, बाई. तू शीक.

तुह्या बाप,
पंजाबराव

अमरावती,
१३ मार्च

ती. बाबांस,
जयभीम.

सिद्धता बरोबर आहे, ती मला खोडता येत नाही. अंगणातून आईला उठवलं ते मीच.

शनिवारच्या गाडीने येते आहे. शेक घ्या हे पटवून देणारा एकही मुद्दा माझ्याकडे उरलेला नाही, तरी समोर बसून विचारणार आहे. नाही म्हणालात तर परत विचारेन.

माझाही एक धरून तीन चौकोन होतात का, तेही करून पाहिलं. आठ-आठचे गठ्ठे केले की एकाहत्तरात सात उरतात, आणि एका चौकोनात शून्य, एक किंवा चारच; तीन चौकोन मिळून सात कधीच उरत नाहीत. त्या फरश्यांत तिसऱ्याची जागा नाही. मला आईच्या ओट्यावर बसायला सांगू नका. मी तुमच्यासमोर खाली बसेन.

माया कमी करू नका, एवढंच मागते.

तुमची,
धम्मशीला