आईचं दगडी थिएटर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज चढतो. म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात मुंबईहून एक बाई महाडला माझ्याकडे आल्या. तुझ्या तिथल्या त्या थिएटरचा इतिहास लिहिताहेत. या घरात माहिती मिळेल, असं त्यांना गावात कुणी सांगितलं म्हणे. थिएटर पाडलं, तिथे आता काचांचा टॉवर आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मला बरं वाटलं. त्या दगडी इमारतीनं माझी आई गिळली. तू तिथे कपडेपटात नट्यांचे शालू सांभाळायचीस आणि मी पोलादपूरला मामाकडे, मामीची बोलणी खात वाढत होते.

लहानपणी मामानं मला एकदा तिथे नेलं होतं. आम्ही सगळ्यात वरच्या बाकांवर बसलोय. दासीचं काम करणारी बाई आजारी पडलीय, म्हणून तिच्या जागी तुला उभं केलंय. नाटकातल्या पोरीला तू पोटाशी धरतेस, तिच्या केसांवरून हात फिरवतेस, आणि अख्खं थिएटर गप्प होतं. माझ्या केसांवरून तसा हात कधी फिरला नव्हता. खेळ संपल्यावर मी विंगेत धावत आले, तर मला बाजूला ओढून तू हळूच म्हणालीस, "हितं मला आई म्हनू नको गो." लेकुरवाळी बाई मालकाला चालत नाही, असं परतताना मामा एसटीत समजावत होता. असेल. पण त्या रात्री तुझ्या बिऱ्हाडी गेल्यावर तरी जवळ घ्यायचं होतंस.

थिएटर बंद पडलं तेव्हा तू माझ्या घरी आलीस, म्हातारी होऊन. आणि आल्यागेल्याला तेच पुराण. राणीच्या राज्यात एका पारशी शेटनं बांधलं, गॅसच्या दिव्यांत साहेबांची नाटकं व्हायची, मग आपली संगीत नाटकं आली, मग नाटकांच्या जोडीला सिनेमा, शेवटी गळकं छप्पर. पाचाडहून तांदूळ घेऊन येणाऱ्या बाईलाही तू बसवून ऐकवायचीस. मी भांडी आपटायचे. एकदा म्हणाले, त्या दगडांच्या निम्मं तरी माझ्याबद्दल बोल. तू म्हणालीस, "तुजं काय सांगू? तू हायस की समोर."

त्या बाईंना मी दारातूनच वाटेला लावणार होते. पण साहेबांच्या बसायच्या जागा कुठल्या बाजूला होत्या, असं त्यांनी विचारलं आणि मी बोलत सुटले. खांबांवर कोरलेली पानं, पडदा वर जाताना करकरणारी कप्पी, पावसात रंगमंचावर ठेवलेल्या बादल्या. चहा दोनदा झाला. उठताना त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?

"शेजारी एक बाई होत्या," मी म्हणाले.

तेव्हा तुझं नाव त्या पुस्तकात येणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, एवढंच तुला कळवायला बसले होते. पण खरं सांगते, चपला घालताना त्या जरा थांबल्या होत्या. तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.