निगोरा इथे राहत नाही

४ जानेवारी
गेला एकदाचा अर्ज! तीन दिवस साइट फोटोच घेत नव्हती. कधी म्हणे आकार मोठा, कधी म्हणे मागचा रंग पांढरा नाही. शेवटी बायकोला, अनघाला, दाराशी उभं केलं, मागे पांढरी चादर धरली आणि काढला. मी इथे दिल्लीत, राजेंद्रनगरात यूपीएससीच्या पोरांना राज्यघटना आणि इतिहास शिकवतो. नागरिकत्वाची कलमं झोपेतून उठवून विचारा, धडाधड म्हणेन. आणि स्वतःच्या बायकोचा व्हिसा वाढवायचा तर हा असा, चादर धरून उभा.

आत्ताचा व्हिसा २० फेब्रुवारीला संपतो. त्याआधी वाढला तर ठीक. नाहीतर तिला परत अंदिजानला, उझबेकिस्तानात.

नावाच्या रकान्यात बोट थबकलं. पासपोर्टवर निगोरा, कोर्टाच्या लग्नाच्या दाखल्यावर निगोरा. पण अकोल्याला घरी विधी केले, ताटातल्या तांदळात मी अंगठीने 'अनघा' लिहिलं, त्या दिवसापासून जुनी हाक मीसुद्धा मारलेली नाही. हट्ट तिचाच. "सब बहुओं को मिलता है, मुझे क्यों नहीं?" नाव आईने निवडलेलं. आता अकोला, दिल्लीच्या द्वारकेतली ही सोसायटी, भाजीवाला, सगळ्यांची ती अनघाच.

७ जानेवारी
धुकं. समोरचा टॉवर गायब. अशा थंडीतही बाईसाहेब उजाडायच्या आत उठून झाडायला खाली! त्यांच्याकडे नव्या सुनेने पहाटे अंगण झाडायचं, अंगणापुढचा रस्ताही. फ्लॅटला कुठलं आलंय अंगण? मग ही जिना झाडत झाडत थेट गेटपर्यंत. डोक्याला रुमाल, अंगात माझं जुनं जॅकेट.

म्हटलं, अगं, सोसायटीचा माणूस आहे ना झाडायला.
"वो अपना झाड़ता है. मैं अपना."

पहिल्या मजल्यावरच्या नीलम आंटी फिदा आहेत. "ये मराठी बहू तो हीरा है, हीरा!" मध्ये विचारत होत्या, महाराष्ट्रात डोळे असे असतात का? मी म्हटलं, हो, असतात की. कोण बसणार समजावत.

कमाल आहे बुवा या बाईची. ताश्कंदला बसून हिंदी शिकली, इथे आली, आता आईकडून फोनवर मराठी शिकतेय. मला अकोल्याहून इथे आलो तेव्हा वर्षभर दिल्ली परकी वाटत होती. आणि ही!

१४ जानेवारी
पानिपत. काला अंब. बऱ्याच वर्षांपासून जायचं होतं.

हायवेवर धुकं, पोचेपर्यंत ऊन. दोन्हीकडे गहू, मधे मोहरी पिवळी. महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं आलेली. एक म्हातारबाबा चपला लांब काढून अनवाणी उभे. कुणी माती कपाळाला लावतंय, कुणी रुमालात बांधून घेतंय. मी हे सगळं क्लासमध्ये फळ्यावर किती वेळा शिकवलंय. कारणं, परिणाम, दहा गुणांचा प्रश्न. इथे उभा राहिलो आणि एक मुद्दा आठवेना. एवढी माणसं, एवढ्या लांब.

पानिपतची पहिली लढाई जिंकलेला बादशहा अनघाच्या अंदिजानचा. सकाळी गाडीत तिला चिडवलं होतं, तुमचा पहिलीत जिंकला, आमचे तिसरीत हरले, आज माझ्या शेजारी बसू नकोस. तिथे मात्र ती माती बांधून घेणाऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सबकी माँएँ बहुत दूर थीं." दोन्ही तळवे उघडले, काहीतरी पुटपुटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले. त्यांच्यात असं करतात. माझ्या लोकांसाठी केलं तिने.

अनवाणी बाबा बघत होते. "कुठली गं तू, पोरी?"
"मी अकोल्याची, आजोबा. अनघा."
त्यांनी खिशातून तिळगूळ काढून दिला. मी बाजूला खुळ्यासारखा उभा.

२२ जानेवारी
अर्ज बंद.

मेल तीनदा वाचला. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' पोलिस पडताळणीत असं आढळलं म्हणे. अर्जदार माझ्या समोर बसून मटार सोलत होती.

"क्या लिखा है?"
"लिहिलंय की तू इथे राहत नाहीस."
हसली. मग माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली.

२३ जानेवारी
उलगडा झाला. डोकं आपटावं की हसावं?

गेटवरचा राजबीर, "साहब, आया तो था पुलिसवाला. पूछ रहा था, निगोरा नाम की कोई विदेशी रहती है? मैंने कह दिया, ना जी, यहाँ सब शरीफ़ फ़ैमिली हैं." छाती फुगवून सांगतोय! सोसायटीची अब्रू राखली याने.

मग नीलम आंटी. त्यांनाही विचारलेलं. "मैंने साफ़ बोला, ऊपर मराठी लोग हैं, विदेशी-फ़िदेशी कोई नहीं. क्यों बेटा, ग़लत बोला?"

आणि सगळ्यात कहर म्हणजे अनघा स्वतः. पोलिस सकाळी सकाळी आला तेव्हा ही खाली झाडत होती. तो हिच्याच शेजारून जिना चढला.
"तू काही बोलली नाहीस?"
"बोली ना. भैया, गीला है, सँभल के."

दोघं हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि फेब्रुवारीचं पान वर करून बघत राहिली.

२७ जानेवारी
पोलिस ठाणं. हवालदार तरुण, हरियाणाचा, माणूस सरळ. "सर जी, मैं ख़ुद गया था. ऊपर ताला था. (मी सकाळच्या बॅचला गेलेलो, ही कुलूप लावून खाली.) नीचे तो बस एक झाड़ूवाली थी."
अनघा म्हणाली, "वो मैं थी."
बिचारा कानापर्यंत लाल झाला. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. पण गेलेला रिपोर्ट माघारी येत नाही. नवा अर्ज, नवी पडताळणी. चूक त्याची तरी कशी म्हणू? साऱ्या बिल्डिंगने खरं तेच सांगितलं. तांदळात नाव लिहायचं आमचं, पहाटे झाडायचं त्यांचं. दोन्हीकडच्या रीती इतक्या नीट पाळल्या की बाई नाहीशीच झाली.

३ फेब्रुवारी
व्हिसाचं ऑफिस. सकाळपासून.

काय तो हॉल! आख्खं जग प्लास्टिकचं फोल्डर छातीशी धरून बसलेलं. शेजारी एक अफगाण आजोबा, मांडीवर नातीचे एक्स-रे. पुढे आफ्रिकेतली एक मुलगी, पाठीला बाळ बांधलेलं, ते माझ्याकडे बघून हसतंय. कुणी कुठून निघालं, कुणापायी थांबलं, आणि सगळ्यांचे डोळे एकाच टोकनच्या बोर्डावर. मी इतकी वर्षं दिल्लीत राहून हे पाहिलंच नव्हतं. आमची काळजी क्षणभर लहान झाली. क्षणभरच.

खिडकीत एक मॅडम. मान वर न करता, "नाम?"
"अनघा."
तोंडून निघून गेलं तिच्या. मॅडमनी पासपोर्ट पाहिला. मान वर. "और ये निगोरा कौन हैं?"
मी सुरू. मॅडम, आमच्यात लग्नात ताटात तांदूळ घेतात...
"आप चुप रहिए. इनसे पूछ रही हूँ."
अनघाने खिडकीचा कठडा घट्ट धरला होता. म्हणाली, "मैं हूँ जी. दोनों मैं हूँ."

मॅडमनी पासपोर्टवरचा फोटो आणि तिचा चेहरा ताडून पाहिला. मग नवा अर्ज घेतला. बोलल्या मऊपणाने, पण बोलल्या ते असं की, वीस तारखेपर्यंत पडताळणी आली तर बघू. नाही आली तर तारखेच्या आत देश सोडा, तिथून नवा व्हिसा मागा. एक दिवसही जास्त राहू नका, मग परत येणंच अवघड होईल.

मेट्रोने परत. द्वारका यायला लागलं तेव्हा म्हणाली, "मेरा नाम मेरे मुँह में आया ही नहीं. मैं डर गई."
मी म्हटलं, "निगोरा."
इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिने मान अशी झटकन वळवली की समोरची बाईही बघायला लागली.

४ फेब्रुवारी
आईला फोन. घाबरत सांगितलं. वाटलं, मी नाव दिलं म्हणून झालं का, असं मनाला लावून घेईल.

आई म्हणाली, "काहून रे, त्यात काय? पोलिसानं आपल्या घरी येऊन विचारलं असतं, कलावती इथं राहते का, तर तुझ्या बापानंही नाही म्हटलं असतं."
"कलावती कोण?"
"मी."

मला माहीत नव्हतं. चाळिशी आली माझी, आणि माझी आई लग्नाआधी कलावती होती हे मला माहीत नव्हतं. आमच्यासाठी ती जन्मापासून शोभाच. म्हणाली, माझा भाऊ गेला तेव्हापासून ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. सहज म्हणाली, भाजी महाग झाली म्हणावं तसं.

मग म्हणाली, "तिला दे फोन." स्पीकरवर होता. "निगोरा, ऐक बाई. अनघा लाडानं म्हणू. पण तुझं नाव सोडू नको तू."
निगोराने ओढणी तोंडाला लावली. "जी, आई."

निगोरा स्वयंपाकघरात गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन एकदा 'कलावती' म्हणून पाहिलं. आईला हाक मारल्यासारखं वाटेना. वाईट वाटलं फार.

११ फेब्रुवारी
दारावर नवी पाटी, दोन्ही नावं. राजबीर येता-जाता पाठ करतोय, "निगोरा मैडम, अंदिजान वाली." नीलम आंटींनी व्हॉट्सॲप ग्रुपवर फतवा काढला, पोलिस आला की सगळ्यांनी खाली यायचं.

आज आला. तोच हवालदार. आणि खरंच सगळे खाली! दुसऱ्या मजल्यावरचे वर्मा अंकल मफलर गुंडाळून, इस्त्रीवाला, नीलम आंटी तर लिपस्टिक लावून. प्रत्येकजण सांगतोय, रहती है जी, यहीं रहती है, रोज़ देखते हैं. हवालदार म्हणाला, "बस बस, मान गया!" ज्या दिल्लीला मी निर्दयी म्हणून शिव्या घालतो तीच ही. उगीच राजबीरशी क्रिकेट बोललो.

१८ फेब्रुवारी
रिपोर्ट गेलाय, चांगला गेलाय, हवालदाराने फोन करून सांगितलं. साइटवर मात्र 'विचाराधीन'. मॅडमकडे गेलो. म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर. उद्याचं तिकीट काढलं.

क्लासमध्ये आज एका पोराने विचारलं, सर, परदेशी नागरिकाला इथे राहायचा मूलभूत हक्क आहे का? उत्तर दिलं. बरोबर दिलं. नाही.

१९ फेब्रुवारी
एअरपोर्टच्या दाराबाहेरच थांबावं लागतं मला. तिथे तिने पर्समधून फडक्यात बांधलेली भाकर काढली. आईने पाठवलेल्या ज्वारीची, पहाटे थापलेली. मला वाटलं, वाटेत खायला. तिने कडेचा एक घास चावला आणि उरलेली माझ्या हातात दिली.

त्यांच्याकडे घरातून लांब जाणारा माणूस असाच एक घास खाऊन जातो. बाकीची भाकर घरचे टांगून ठेवतात. परत आल्यावर उरलेली त्यानेच खायची. तिच्या आजोबांची रोटी म्हणे कितीतरी वर्षं भिंतीवर होती, आणि ते आले.

"हमारी नान होती तो अच्छा था. लेकिन मैं तो यहीं से जा रही हूँ ना, तो यहीं की."
मी म्हटलं, दात पडतील तुझे.
"पानी में भिगो देना. तुम बस सँभालो."

गेली. काचेतून दिसत होती तोवर पाहिलं. लोक माझ्याकडे बघत होते. हातात चावलेली भाकर घेऊन रडणारा माणूस, बघणारच.

६ मार्च
ताश्कंदला तिची मुलाखत झाली. पुढचं काही सांगितलं नाही, फोन करू म्हणाले. तिच्या आईने व्हिडिओवर मला पाहून काहीतरी लांबलचक म्हटलं. निगोराने भाषांतर केलं, "कहती हैं, दुबले हो गए हो." एवढं लांब होतं ते, नक्की अजून काहीतरी होतं.

भाकर पंख्याच्या जुन्या हुकाला दोरीने टांगलीय, मुंग्यांमुळे. आई रोज विचारते, "बुरशी नाही ना आली?" नीलम आंटी डबा द्यायला आल्या, वर बघून म्हणाल्या, बेटा, ये क्या लटका रखा है, फेंको, कीड़े पड़ेंगे. सांगितलं. डबा टेबलावर ठेवला. मग खाली गेल्या आणि भाकर गुंडाळायला मलमलचं धुतलेलं फडकं घेऊन आल्या. स्टुलावर मी चढलो, त्यांनी स्टूल धरलं.

आताच पुन्हा साइट पाहिली. विचाराधीन. फडकं सैल करून पाहिलं, भाकर खडखडीत वाळलीय. एका कडेला तिचे दात उमटलेत, बाकी सगळी तशीच शाबूत आहे.