चोळीबांगडीचे रान शाळेला

मी, रूपाबाई भ्रतार कै. सोनाजी कऱ्हाळे, वय सुमारे चौसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे धामणवाडी, शिरड शहापूरनजीक, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र आपल्या राहत्या घरी, ओसरीवर बसून, गावच्या माणसांदेखत करून ठेवते. जवळा बाजारच्या वैद्यांनी नाडी पाहून सांगितले की काळीज थकले आहे, जपून राहावे. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे ते शाबूत आहे असे मी धरते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझ्या मुलाचे म्हणणे होते की इतकी घाई कशाला. घाई नाही. पुष्कळ वर्षांनी मन हलके झाले आहे, आणि हलक्या मनाने केलेली वाटणी नीट होते, म्हणून आजच करते.

कलम पहिले. राहते घर, गोठा, विहिरीवरची मोट आणि यजमानांच्या नावची वडिलोपार्जित जमीन माझा एकुलता मुलगा उत्तमराव याचीच आहे. ती मी देणारी कोण? फक्त घराच्या किल्ल्या माझ्यामागे सून नीलाबाई हिच्या कमरेला राहाव्यात. उत्तमराव किल्ल्या हरवतो.

कलम दुसरे. माझी पुतळ्यांची माळ आणि पाटल्या मुलगी जमनाबाई, हल्ली राहणार आखाडा बाळापूर, हिला द्याव्यात. तिच्या सासरच्यांनी त्या मोडू नयेत. जाते नीलाबाईचे. ते तसे तीच ओढते.

कलम तिसरे. ओढ्याकाठचे रान माझ्या वडिलांनी मला चोळीबांगडीसाठी रीतसर बक्षीसपत्र करून दिलेले आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते रान मी धामणवाडीच्या शाळेला देते. काहून, हे गावाला माहीत आहे. पण गाव विसरते, म्हणून लिहून ठेवते.

माझ्या लहानपणी माहेरी एक पंतोजी होते. घरोघर पाळीने जेवत आणि पोरांना अक्षरे, पाढे, पावकी, निमकी शिकवत. फार विद्वान नव्हते. पण पोराला येत नसेल तर भाकरी वाढता वाढता माझी आई विचारायची, "पंतोजी, आमच्या लेकराला अजून वाचता काहून येत न्हाई?" पंतोजींना घास गिळण्याआधी जबाब द्यावा लागे. पुढे उर्दूतून शिकवणाऱ्या सरकारी शाळा निघाल्या, पंतोजी गेले. सरकारी मास्तरचा पगार वरून येतो. त्याला विचारायचे तर तहसिलीला जा, तहसीलदाराला विचारायचे तर सुभ्याला जा, आणि सुभेदाराला विचारायचे तर हैद्राबाद. तिथवर जाईपर्यंत पोरगं बाप होते. शिक्षण खालावले ते तिथे, असे माझे मत आहे. दुसरी कारणे शहाणी माणसे सांगतात, ती खरीही असतील.

आमच्या गावात सरकारी शाळा यजमानांच्या हयातीतच निघाली. उत्तमराव त्या शाळेतून चौथी पास झाला. यजमान तेव्हा वारले होते. मी त्याला गाडीत घालून हिंगोलीला मोठ्या शाळेत घेऊन गेले. तिथले हेडमास्तर वयस्क मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. उत्तमरावपुढे उर्दूचे पुस्तक धरले. त्याने धडा एका दमात म्हटला. मला फार आनंद झाला. मग हेडमास्तरांनी पान उलटले आणि म्हणाले, आता हे वाच. उत्तमरावने पुन्हा तोच धडा म्हटला, शब्दाला शब्द. त्यांनी पुस्तक उलटे धरले. त्याने तोच धडा म्हटला.

हेडमास्तर हसले नाहीत. पुस्तक मिटून म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा हुशार आहे. इतके पाठ करणे सोपे नाही. पण ह्याला एक हरफ ओळखता येत नाही. ह्याला कोणी शिकवलेच नाही."

त्यांनी पहिलीत घेतो म्हटले. मिसरूड फुटायला आलेला पोरगा लहान लेकरांत बसेना. परतीच्या वाटेवर तो गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसला. हे मी सांगते आहे आणि उत्तमराव लिहितो आहे. इथे त्याचा हात थांबला होता. मी म्हटले, लिही बाबा, लाज तुझी नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. शाळेच्या खोलीत कापूस भरलेला होता. तो माझे दीर सटवाजी, गावचे पाटील, यांचा. मास्तर महिन्याकाठी दोनचार वेळा यायचा, पाटलांच्या ओसरीवर पोरांना गोळा करून एक धडा घोकून घ्यायचा आणि जायचा. शाळा बराबर चालू आहे असा दाखला पाटील देत. मी तहसिलीला अर्ज केला. चार महिन्यांनी चौकशी आली. चौकशी कोणाकडे, तर पाटलांकडेच. पाटलांनी लिहिले की शाळा उत्तम चालू असून अर्जदार बाई भांडखोर आहे. दुसरी गोष्ट थोडी खरी होती.

तेव्हा मी ओढ्यापलीकडच्या लमाणांच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगला बोलावले. हिंगोलीला सातवीपर्यंत शिकून तो घरी बसला होता. माझ्या गोठ्याच्या पडवीत त्याने पोरांना आधी मराठी अक्षरे शिकवली, मग उर्दू. आपल्या बोलीत अक्षर कळले की दुसरी बोली जड जात नाही, असे तो म्हणे, आणि तसेच झाले. उर्दूशी माझे वैर नव्हते. न कळता घोकण्याशी होते. गावची वीसेक पोरे येऊ लागली, तांड्याची आठदहा. कडेला बसून मीही सही शिकले. उत्तमराव मात्र त्या बाजूला फिरकत नसे. वखर घेऊन रानात जाई.

पुढे एका हिवाळ्यात तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला आले. कापूस रातोरात हलला, मास्तर हजर झाला, पाटलांच्या ओसरीवर घोकलेली पोरे पारावर उभी केली. पोरांनी धडा म्हटला. साहेब खूश. गाव गप्प. मी बायांच्या मागे उभी होते. पदर सावरून पुढे झाले आणि म्हणाले, "सायेब, पान उलटा."

सटवाजी म्हणाले, वैनी, घरी जा. मी गेले नाही. साहेबांनी पान उलटले. पोरांनी तोच धडा म्हटला. मग मी प्रेमसिंगने शिकवलेल्या दोन मुली पुढे केल्या. त्यांनी साहेबांच्या हातातला कोणताही कागद वाचतो म्हटले आणि त्यांच्या दौऱ्याचा हुकूमच वाचून दाखवला. लोक हसले. तिथेच चुकले. हसू आले नसते तर कदाचित साहेबांनी मास्तरला विचारले असते. लोक हसले म्हणून त्यांनी मला विचारले, "ही खाजगी शाळा कोणाच्या परवानगीने चालते?"

परवानगी नव्हती. पडवीला कुलूप लागून त्यावर लाखेची मोहर बसली. प्रेमसिंगला हिंगोलीला नेऊन कोठडीत ठेवले. मी रोज उठून वाटेकडे बघायची. तो सुटून आला तो तापाने फणफणलेला. मी म्हटले, बाबा, आता पुरे, तुला लेकरेबाळे आहेत. तो म्हणाला, "मावशी, कुलूप पडवीला लावलं. तांड्याला न्हाई लावलं." बरा झाल्यावर त्याने तांड्यावर लिंबाखाली पोरे बसवली. गावची पोरे गुरे घेऊन निघत आणि तिकडे जात. सटवाजींनी आमच्याशी येणेजाणे बंद केले. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता माझ्या दारावरून पुढे गेल्या. मी त्या पोरीला न्हाऊमाखू घातले होते.

यंदाच्या उन्हाळ्यात गावावर रझाकारांची धाड येणार अशी आवई उठली. आम्ही गाव सोडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेलो. तट्ट्यांच्या खोपटांत पावसाळा काढला. तकलीफ फार झाली, त्याचे वर्णन करीत नाही; सर्वांचीच झाली. तिथेही प्रेमसिंगने पोरे गोळा केली. उत्तमरावला रान नव्हते, काम नव्हते. एके सकाळी पाहते तो लेकरांच्या मागे माझा तीस वर्षांचा मुलगा मांडी घालून बसलेला. मी ओरडून कोणाला सांगितले नाही. खोपटात जाऊन चूल फुंकत बसले, म्हणजे डोळ्यांचे कारण विचारायला नको. पोळ्यापर्यंत तो जोडाक्षरे वाचू लागला. भादव्यात पोलीस ॲक्शन झाले, पलटणी आल्याची बातमी पत्रकात छापून आली, ती खोपटाखोपटांत त्याने वाचून दाखवली. लोक म्हणत होते राज्य गेले, राज्य आले. मी त्याच्या ओठांकडे बघत होते.

परत आलो. पडवीचे कुलूप उत्तमरावने दगडाने फोडले. गावच्या शाळेत मात्र तोच मास्तर, डोक्यावर नवी पांढरी टोपी घालून, आठवड्यातून एकदा येऊ लागला. लोक मला म्हणाले, आता आपलेच सरकार आहे, तक्रार कशाला. मला हे पटले नाही. परके सरकार ऐकत नव्हते म्हणून आपण रडलो. आपले आले आणि आपणच विचारायचे थांबलो तर फरक काय पडला? मी हिंगोलीला गेले. नवे अधिकारी तरुण होते. मी काही मागितले नाही. एवढेच म्हटले, "गावात न कळवता या आणि पोरांपुढचं पान उलटा."

ते खरेच न कळवता आले. शाळा बंद होती. त्यांनी पाटलांना विचारले नाही, पोरांना विचारले. मग तांड्यावर जाऊन तिथली पोरे वाचताना ऐकली. गेल्या महिन्यात हुकूम आला: मास्तरची बदली नव्हे, चौकशी, आणि प्रेमसिंग धामणवाडीच्या शाळेवर सरकारी शिक्षक. हुकूम उत्तमरावने वाचला. त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

कलम चौथे. म्हणून ओढ्याकाठच्या रानाचे उत्पन्न शाळेच्या खर्चाला लावावे: छप्पर, पुस्तके, पाट्या, आणि तांड्याच्या पोरांना पावसाळ्यात ओढा ओलांडायला साकव. देखरेखीस नीलाबाई, प्रेमसिंग आणि तांड्याने निवडलेला एक माणूस असावा. नीलाबाई कमी बोलते, पण फसत नाही. अट एकच. दरवर्षी दिवाळीनंतर सर्व गावासमोर पोरांनी वाचावे. पान मास्तरने काढू नये. गावातल्या कोणाही बाईमाणसाने, तांड्यावरच्यानेसुद्धा, हाताला येईल ते उघडावे. पोरांना आले नाही तर पोरांना बोल लावू नये, मास्तरला विचारावे. मास्तर प्रेमसिंग असला तरी विचारावे. सरकारने वर्षभर शिक्षक दिला नाही, तर उत्पन्नातून गावाने आपला शिक्षक ठेवावा आणि का ठेवावा लागला हे सरकारला लिहून कळवत राहावे. जबाब येईपर्यंत.

कलम पाचवे. दीर सटवाजी यांना मी क्षमा केली असे इथे लिहावे, अशी उत्तमरावची इच्छा आहे. जे घडले तेच लिहिते. हुकूम आल्यावर ते माझ्या दारी आले. किती वर्षांनी! उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "वैनी, खोली रिकामी केली. झाडून घ्या."

मी म्हणाले, "भाऊजी, झाडूनबी तुमीच द्या."

मला वाटले, रागाने जातील. ते गेले, आणि गड्याला न सांगता स्वतः खराटा घेऊन त्यांनी खोली झाडली. कोपऱ्यातली सरकी ओंजळीने भरून बाहेर टाकली. मग ओसरीवर येऊन माझ्या हातचा चहा प्याले. माझ्याकडून तेवढ्याने मिटले. यजमानांचा पितळी अडकित्ता त्यांना द्यावा. भावाची वस्तू भावाकडे जावी. शाळेच्या देखरेखीत मात्र त्यांना घेऊ नये.

कलम सहावे. खिलारी जोडी आणि छकडा प्रेमसिंगला द्यावा. तापात तो पायी हिंगोलीहून आला होता, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

कलम शेवटचे, माझ्या अंत्यविधीबद्दल. दिवस थोडक्यात करावेत. तिरडी शाळेवरून नेऊ नये, पोरे उठून बघायला धावतील. वरच्या वाटेने न्यावी. त्या दिवशी शाळेला सुट्टी देऊ नये. हे ऐकून समोर बसलेला प्रेमसिंग म्हणाला, "मावशी, असं कसं? एक रोज तर शाळा बंद ठेवावीच लागंल. पोरं काय म्हणतील?"

मी म्हटले, सुट्टी द्यायचीच तर मला दिसेल अशी दे. उद्या सोमवार आहे. उद्या दे. नीलाबाई सांज्याच्या पोळ्या करील, पोरांना इथे अंगणात जेवू घालू.

तो म्हणाला, सुट्टीचे कारण वर कळवावे लागते, काय कळवू?

"खरं ते कळव," मी म्हटले. "रूपाबाई मेल्याची सुट्टी, रूपाबाई जित्ती असताना घेतली."

तरी माझ्या मृत्यूची सुट्टी उद्या उपभोगून होईल. नंतर कोणी पुन्हा मागू नये.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. जोडाक्षरे दोन ठिकाणी चुकली होती ती प्रेमसिंगने सांगितली, उत्तमरावने सुधारली. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे म्हणून खाली आपल्या हाताने सही करते.

सही: रूपाबाई सोनाजी कऱ्हाळे

लिहिणार: उत्तमराव सोनाजी कऱ्हाळे

साक्षीदार:
१. भावसिंग, नाईक, धामणवाडी तांडा (सही)
२. संतराम, कास्तकार, मौजे धामणवाडी (सही)

मुक्काम धामणवाडी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७०, रविवार, तारीख ५ डिसेंबर १९४८.