थंडीतले जंत

प्रिय घारे,

पत्र फाडू नकोस, आधी वाच. तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. मध्येच उठते, नळ नीट बंद केलाय ना ते बघते, परत बसते.

प्रयोगशाळेत तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मासे आणणारे मामा टोपली ठेवता ठेवता रोज विचारतात, मॅडमचं काही कळलं का? चोराच्या मनात चांदणं, मी ट्रेमध्ये डोकं खुपसते.

वर्षभर आपण तळ्यातल्या माशांच्या आतड्यांतले जंत मोजले. उन्हाळ्यात नुसता बुजबुजाट, आणि थंडीत माझ्या माशांत एकही नाही. तुझ्या वहीत मात्र थंडीतही माशामागे वीस-पंचवीस! सर म्हणाले, आकडे घरी बसून भरलेत. तू भांडली नाहीस, डबा उचललास आणि गेलीस. अहवालातून तुझं नाव गेलं, पाठोपाठ नोकरी. आता म्हणे शिकवण्या घेतेस.

तू एका माशाला तीन तास लावायचीस. आतडं धुतेस की साडी, म्हणून मी चिडवायचे. यंदाच्या थंडीत मला चैन पडेना, म्हणून तुझ्यासारखंच केलं. आतड्याचं अस्तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. अगं, एकवीस! केसाएवढी पिल्लं, तोंड रुतवून बसलेली. पुढचे आठ मासे चिरले, सगळ्यांत तेच. थंडीत जंत जात नाहीत, वाढायचे थांबतात. पाणी तापलं की मोठे होतात, अंडी घालतात. मी अडाण्यासारखी फक्त मोठे जंत शोधत राहिले. तुझा आकडा न् आकडा खरा होता.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. सरांना संशय आपणहून आला नव्हता. तुझी वही मीच नेऊन दाखवली. तू खोटं लिहिलंस असं मला खरंच वाटलं होतं, पण बरंही वाटलं होतं, कारण पुढच्या वर्षी दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते. आज सकाळी सरांना पिल्लं दाखवली आणि हेही सांगितलं. ते तुला परत बोलावणार आहेत, अहवालात तुझं नाव पहिलं येईल. माझं काय करायचं ते त्यांनी तुझ्यावर सोडलंय. त्यांचं पत्र पोचायच्या आत हे तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून ही घाई. मला ठेव किंवा काढ, पण तू ये.

तुझीच,
नको असेल तर वरचा शब्द खोड.