'मिहा' या शब्दाचा दाखला

काताकोचा,
३ मार्च

चि. एवेलिओ यास अ. उ. आ.,

ओतिलिया काल कितोहून परतली. पंधरा तास बसमध्ये बसून आली, पण पाठ टेकली नाही, सरळ केळी सोलायला बसली. तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय.

व्हिसा नाकारलेला नाही, हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. पण व्हिसाच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी तिला विचारलं की, एवेलिओ कार्रिओन हे तुमचे नवरे की वडील?

दोष माझा आहे. लग्नाचा पुरावा म्हणून फोटो काय, कुणीही काढून घेतं, एवेलिओची पत्रं जोड, असं मीच तिला म्हटलं होतं. आता तू बायकोला एका पानात पाच वेळा 'मिहा' म्हणतोस. आपल्या गावात बायकोला दुसरं काय म्हणतात? पण त्या शिक्केवाल्या भाषांतरकाराने तो शब्द उसवला आणि प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवलं, 'माझी मुलगी'. माझ्या मुली, कॉफी पोचली. माझ्या मुली, इथे बर्फ पडतोय. त्यात आडनाव दोघांचंही कार्रिओन, जसं इथे निम्म्या गावाचं आहे. तू तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. आणि तिच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावाची जागा कोरी. तूच सांग, त्या बाईंनी काय समजावं?

तू स्पेनचा नागरिक, कामाला बेल्जियममध्ये, म्हणून तुझ्या बायकोला तिथे राहायचा हक्क आहे, हे त्यांनाही मान्य आहे. अडतीस वर्षांच्या मुलीला मात्र तो नाही. खुलासा द्यायला तीस दिवस दिलेत.

म्हणून हे पत्र झेरॉक्सवाल्याकडून फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवते. कागद मागाहून पोस्टाने येईल. तूही तसंच कर. फोनवर तू नुसता हं हं करतोस. नीट जेवत जा.

माझी माया आहेच, तुझी आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
एर्मिंदा


मेखेलन,
७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

पत्र वाचून आधी हसलो, मग टोमॅटोच्या काचघरात एका बाजूला जाऊन बसलो. भाषांतरकाराला फोन केला. तो म्हणाला, कागदावर जे होतं ते लिहिलं, बायकोला मुलगी म्हणायला मी सांगितलं नव्हतं.

इथल्या कामगार संघाच्या वकीलबाईंनी सोपा उपाय सांगितला. दोघांच्या थुंकीची तपासणी करायची. मी तिचा बाप नाही हे पंधरा दिवसांत सिद्ध होईल. मी माझी उद्याही देतो. तिला कितोला जावं लागेल. ताई, तू तिला समजाव. लग्नाला चार वर्षं झाली, आणि मी मोजलंय, एका छपराखाली आम्ही फक्त अकरा आठवडे काढलेत. आधी तिच्या आईचं आजारपण होतं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आता आई गेली. आता हे एका शब्दापायी राहू नये.

तुझ्या घरातून तिला ओढून नेतोय हेही मला कळतं. ती गेल्यावर तू एकटी पडशील.

आशीर्वाद असू द्यावेत, रागही चालेल.

तुझा,
एवेलिओ


काताकोचा,
२० मार्च

चि. एवेलिओ यास अ. उ. आ.,

तुझं म्हणणं मी तिला सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "त्यांनी म्हटलं तर तपासणी करीन, वन्सं. पण मग मी तिकडे जायची नाही."

मी रागावले, दोन दिवस समजावलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणापासून शाळेत, चर्चमध्ये, जिथे तिथे तिला बापाबद्दल विचारत आलेत. आता नवऱ्यापाशी तरी तो प्रश्न संपला असं तिला वाटलं होतं. आणि तू तोच प्रश्न बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवायला निघालास. तपासणीचं नाव पुन्हा काढू नकोस.

मी दुसरं केलं. रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर दारातच उभी राहिले आणि नोटरीकडे अकरा जोडपी नेली. मजकूर असा: आम्ही खाली सही करणारे नवरे, आमच्या लग्नाच्या बायकांना रोज 'मिहा' म्हणतो, आणि त्यांच्यापैकी एकही आमची मुलगी नाही. शेजारी बायकांच्याही सह्या. नोटरी लाउतारो हसून हसून चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, मीही घरी हेच म्हणतो, आणि बाराव्या जागी सही करायला स्वतःच्या बायकोला बोलावून आणलं.

त्या बायकांतल्या सोइलाने हट्ट धरला की, माझ्या नवऱ्यापुढे 'फक्त भूक लागल्यावर म्हणतो' असंही लिहा. ते लिहिलं नाही.

सेगुंदो पिनेदाची पाळी आली आणि त्याच्या बायकोने, मारुहाने, पेन खाली ठेवलं. तुला माहीत आहे, कुंपणावरून त्यांचं वाजलं तेव्हापासून एका घरात राहून दोघं मुक्यासारखी वागतात. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सहा वर्षांत एकदा तरी म्हणालात का? खोट्या कागदावर मी सही करणार नाही." सेगुंदो टोपी फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि मग जमिनीकडे बघून म्हणाला, "सही कर, मिहा." तिने केली. दोघं घरी रस्त्याच्या एकाच बाजूने चालत गेली, एवढं मी पाहिलं.

ओतिलिया कागद घेऊन कितोला निघाली आहे. माझ्या एकटेपणाची काळजी तू करू नकोस. ते माझं मी बघीन.

लोभ आहे तसाच दाट राहू दे.

तुझी ताई,
एर्मिंदा


मेखेलन,
२ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.,

पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं, पण बोलता बोलता रडू आलं म्हणून राहिलेलं आता लिहिते.

त्या बाईंनी बारा जोडप्यांचा कागद दोनदा वाचला. मग मला एकच विचारलं, तुम्ही नवऱ्याला काय म्हणता? मी खरं सांगितलं, मिहो. त्यांनी भाषांतरकाराचे कागद पुढे ओढले, म्हणाल्या, म्हणजे 'माझा मुलगा'. मी म्हटलं, हो. त्या खिडकीआड तोंड फिरवून हसल्या आणि शिक्का मारला.

इथे नगरपालिकेत नाव नोंदलं. पोलीस घर बघून गेला, आम्ही खरंच इथे राहतो ना ते पाहायला. दोन ताटं, दोन उशा बघून गेला. राहण्याचं कार्ड सहा महिन्यांत येईल म्हणतात.

वन्सं, तुमच्या हातच्या रेपेसारखं, केळी-चीजच्या त्या सारासारखं, इथे काहीच होत नाही. कच्ची केळी मिळतात, पण चीज निराळं. मारुहाबाई रोज दुपारी तुमच्याकडे येऊन बसतात हे वाचून मला बरं वाटलं.

आणि एक सांगते, हसू नका. आज दुपारी आमचं भांडण झालं. अगदी खरं. ते कामाचे चिखलाचे बूट पावाच्या टोपलीशेजारी ठेवतात, आणि मी बोलले तर म्हणाले, मी इथे नऊ वर्षं असाच राहतोय. मीही मागचं पुढचं काढलं. चार वर्षांतलं हे पहिलंच. तीन आठवड्यांच्या रजेवर यायचे तेव्हा भांडण्यात दिवस कोण घालवणार?

ते बाहेरच्या खोलीत दुरुस्तीला म्हणून रेडिओ खोलून बसलेत. रेडिओला काही झालेलं नाही. आधी बोलायचं कोणी, ते अजून ठरत नाहीये, आणि मलाही घाई नाही. उद्या रविवार आहे, परवा सोमवार.

तुमची माया इथवर पोचते, ती पाठवत राहा.

तुमची,
ओतिलिया