शेवटची नोंद

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. खिडकीजवळची जागा मिळाली आहे. खुर्चीचं एक चाक रुसलेलं आहे, ते सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या मनगटाला ही कंपनी एक पट्टा बांधते. नाडी चालू आहे तोवर पट्टा दर तासाला संगणकाला कळवतो की सगळं ठीक आहे. ती वेळ ‘शेवटची नोंद’ म्हणून राहते आणि पुढची आली की आधीची पुसली जाते. नोंदी थांबल्या की फोनवाल्या मॅडम शेजाऱ्यांना फोन लावतात.

माझं काम या वेळांचा घोळ निस्तरायचं. कुणी स्थानिक वेळ लिहिली आहे, कुणी जागतिक. एका महाभागाने महिने शून्यापासून मोजलेत, त्यामुळे त्याचा डिसेंबर अकरावा. असल्या गुंत्यात मी तहानभूक विसरते. आई म्हणते, स्वतःच्या लग्नाची तारीख ठरवता आली नाही आणि निघाली जगाच्या तारखा सुधारायला.

४ मार्च, मंगळवार

आज सगळ्यात जुना तक्ता उघडला. यात तारीख म्हणजे १९७० च्या एक जानेवारीपासून मोजलेले सेकंद, आणि ते ठेवायची डबी लहान. साहेबांना समजावलं की बाबांच्या स्कूटरचा मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच इथं आहे. २०३८ च्या पुढची तारीख टाकली की आकडा गिरकी घेतो आणि मागच्या शतकात जाऊन पडतो. तक्रारही करत नाही. साहेब म्हणाले, तोवर मी निवृत्त झालेलो असेन.

हा तक्ता ज्यांनी बांधला त्यांना सगळे घड्याळवाले काका म्हणतात, कारण ते दोन्ही मनगटांवर घड्याळ घालायचे. गेल्या वर्षी एका दुपारी डबा तसाच ठेवून निघून गेले म्हणे. प्रोग्रॅममध्ये त्यांची एक टीप आहे: ‘पुढच्या तारखांना हात लावू नये. त्या चुकीच्या नाहीत.’ मला हसू आलं. घडून गेलेल्या गोष्टीची वेळ पुढची कशी असेल?

५ मार्च, बुधवार

कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना पट्टा फुकट मिळतो. आईला पाठवला. फोनवर तासभर कुरकुर ऐकली. तेराव्या वर्षी टायफॉइडमध्ये डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी उठून बसले, आता पंच्याहत्तरीला हा पट्टा मला काय सांभाळणार, वगैरे. ही गोष्ट मला पाठ आहे. शेवटी मावशीने दटावलं तेव्हा घालायला तयार झाली. मावशी शेजारच्याच इमारतीत राहते, हे बरं आहे.

६ मार्च, गुरुवार

सात माणसांची शेवटची नोंद पुढची निघाली. कुणाची एप्रिलमधली, कुणाची दोन वर्षांनंतरची. उघड चूक. अशा वेळी सगळे करतात तेच केलं. एक ओळ लिहिली: वेळ आत्ताच्या पुढे असेल तर तिथं ‘आत्ता’ टाकावं. अकरा चाळीसला चालवली. सातही ओळी सरळ झाल्या. मग चहा घेतला.

७ मार्च, शुक्रवार

ते सातही जण गेले.

फोनवाल्या मॅडम सकाळपासून रडताहेत. सात वेगवेगळी घरं, कुणाचा कुणाशी संबंध नाही. सगळ्यांचे पट्टे काल अकरा चाळीसला थांबले, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. साहेब म्हणाले, योगायोग, पट्ट्यांची एखादी तुकडी खराब असेल. पण पट्टे ठीक आहेत, मी स्वतः तपासले.

अकरा चाळीस ही वेळ मी लिहिली होती.

१० मार्च, सोमवार

दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. काकांची टीप डोक्यातून जात नाही. साहेबांना सगळं सांगितलं, त्यांनी सुट्टी घ्यायला सांगितली.

आईचा पट्टा आज सुरू झाला. जुन्या तक्त्यातली तिची ओळ बघायची नाही असं ठरवलं होतं. बघितली.

आईची शेवटची नोंद: १२ मार्च, दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

११ मार्च

आईला पट्टा काढायला लावला. वेळ हलली नाही. ओळ पुसायला गेले, पुसली जात नाही. डॉक्टरांना घरी पाठवलं, ते म्हणतात प्रकृती ठणठणीत. आई चिडली आहे, मी तिला उगाच म्हातारी करते म्हणून. मी खूप घाबरले आहे. रात्रीची एकही गाडी नाही, सकाळची पोचायला संध्याकाळ होईल.

पण वेळ मागे ओढली तर माणसं गेली. मग पुढे ढकलली तर—

१२ मार्च, ३.५०

मावशी आईजवळ बसली आहे. मी तारीख बदलते आहे. किती पुढची? लांबची, कुणीच पोचणार नाही इतकी. ३१ डिसेंबर २०९९.

टाकली.

४.१५

वेळ टळली! आईला फोन लावते आहे. हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणतात. घाईत चुकीचा लागला असेल.

४.२०

ओळ उघडली. ३१ डिसेंबर नाही. २४ नोव्हेंबर १९६३.

मीटर. मीच साहेबांना समजावलं होतं— मीच—

१९६३ ला आई तेरा वर्षांची

४.३०

मावशीने उचलला. आईला फोन दे म्हटलं. ती म्हणाली, “ताईला जाऊन साठ वर्षं झाली. टायफॉइडने गेली, लहान होती हो. तुम्ही कोण बोलताय?”

तुम्ही म्हणाली मला.

४.४०

जुनी वेळ परत टाकायला हवी. आजची, चार दहाची. म्हणजे आई आज गेली असं होईल. होऊ दे. पण जगलेली तरी असेल— पंच्याहत्तर वर्षं, बाबा, स्कूटर, मी—

संगणक माझं नाव घेत नाही. असा कर्मचारी नाही म्हणतो. फोनवाल्या मॅडमना टाकायला सांगितलं. त्यांनी हसून विचारलं, कुणाला भेटायचंय आपल्याला?

खुर्ची रिकामी दिसते. मी बसले आहे तिच्यावर

वहीचं पहिलं पान कोरं झालंय. दुसरंही. विसरायच्या आत लिहून ठेवते. मला आई होती. चिडली की ती म्हणायची, स्वतःच्या लग्नाची तारीख